बाकी कुठे जाते? : खालच्या पूर्णांकाचा इतिहास

भागाकार शिकवताना आपण बाकी लिहायला लावतो. १७ भागिले ५, भागाकार ३, बाकी २. पुढच्या इयत्तांत दशांश अपूर्णांक येतात आणि ही बाकी फळ्यावरून नाहीशी होते. आता उत्तर ३.४ असते. त्यानंतर जवळच्या पूर्णांकापर्यंत किंमत काढण्याचा नियम येतो. दशांश चिन्हापुढचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर एक वाढवायचा, नसेल तर सोडून द्यायचा. मुले नियम पाठ करतात आणि बाकीचे नाव विसरतात.

व्यवहारात मात्र आपण हा नियम सर्रास मोडतो. चौदा वर्षे अकरा महिने वयाच्या मुलीला वय विचारले तर ती चौदा सांगते, पंधरा नाही. बारा रुपयांची एक वही असेल तर पंचेचाळीस रुपयांत किती वह्या येतील? भागाकार ३.७५ येतो. जवळचा पूर्णांक ४ आहे, पण दुकानदार तीनच वह्या देईल. दोन्ही ठिकाणी आपण जवळच्या नव्हे, तर खालच्या पूर्णांकाकडे गेलो.

खाली उतरलो की काहीतरी मागे उरते. वह्यांच्या उदाहरणात नऊ रुपये उरले. ते खिशात ठेवले तर पुढच्या खेपेला तीन रुपये घालून आणखी एक वही घेता येईल. खिसा फाटका असेल तर दर खेपेला काही ना काही जाईल आणि वर्षाअखेर हिशोब का जुळत नाही हे कळणार नाही. दोन्ही वेळी भागाकार सारखाच बरोबर होता. फरक पडला तो बाकीमुळे.

या लेखात आम्ही याच बाकीचा माग काढणार आहोत. एका टोकाला सोळाव्या शतकातील कोकणातले पंचांगगणित आहे, तर दुसऱ्या टोकाला १९९९ साली प्रसिद्ध झालेली एक्सएसएलटी ही संगणकाची भाषा. कागदपत्रांतील माहिती एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत नेण्यासाठी ही भाषा तयार झाली आणि खालच्या पूर्णांकासाठी तिच्यात 'फ्लोअर' ही आज्ञा आहे. आज्ञा एका शब्दाची आहे. तिच्यामागचा इतिहास बराच मोठा आहे.

नांदगावचे गणित

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वापरला. त्याच्या गणिताचा आरंभ शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून होतो. ज्युलियन दिनगणनेनुसार तो दिवस १९ मार्च १५२०, सोमवार. आरंभापासून आजवर किती दिवस लोटले ही संख्या, म्हणजेच 'अहर्गण', ही अशा गणिताची पहिली पायरी असते. जुन्या सिद्धान्तग्रंथांत ती कलियुगाच्या आरंभापासून किंवा त्याही आधीपासून मोजत, त्यामुळे आकडे फार मोठे होत. गणेश दैवज्ञांनी काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे पाडले, त्यांना 'चक्र' म्हटले आणि एका चक्राचे ४०१६ दिवस धरले.

अकरा वर्षांचे साधे चांद्रमहिने १३२. त्यांत अधिक महिने ४ मिळवले की १३६ होतात. चांद्रमहिना सरासरी २९.५३०६ दिवसांचा असतो. म्हणून १३६ महिन्यांचे ४०१६ दिवस होतात आणि वर सुमारे एक षष्ठांश दिवस उरतो. म्हणजे ४०१६ हा खालचा पूर्णांक आहे. त्या षष्ठांशाचे काय करायचे? ग्रंथकाराने तो टाकून दिला नाही. जितकी चक्रे झाली असतील त्यांना ६ ने भागून येणारा पूर्ण भागाकार हिशोबात मिळवायला सांगितला. सहा चक्रांचे सहा तुकडे साठले की एक पूर्ण दिवस होतो. हा भागाकार 'निरग्र' घ्यावा असेही सांगितले आहे. 'अग्र' म्हणजे शेष, बाकी. आर्यभटाच्या कुट्टक गणितातही हा शब्द याच अर्थाने येतो. निरग्र म्हणजे बाकी सोडून घेतलेला भागाकार. आजच्या संगणकाच्या भाषेत 'फ्लोअर' म्हणतात ते नेमके हेच.

आता पूर्ण उदाहरण करून पाहू. शके १९४६ चा गुढीपाडवा ९ एप्रिल २०२४ रोजी, मंगळवारी होता. ग्रहलाघवाची रीत वापरून हा वार निघतो का?

पहिली पायरी. १९४६ मधून १४४२ वजा केले, ५०४ उरले. त्यांना ११ ने भागले. भागाकार ४५, बाकी ९. म्हणजे ४५ चक्रे आणि ९ वर्षे झाली.

दुसरी पायरी. ९ वर्षांचे महिने १०८. चैत्राचा पहिलाच दिवस असल्यामुळे चालू वर्षाचा एकही महिना उलटलेला नाही.

तिसरी पायरी, अधिक महिने. १०८ मध्ये चक्रांची दुप्पट, म्हणजे ९०, आणि आणखी १० मिळवले. बेरीज २०८. तिला ३३ ने भागले. भागाकार ६, बाकी १०. सहा अधिक महिने धरून एकूण महिने ११४.

चौथी पायरी. ११४ ला ३० ने गुणले, ३४२० तिथी झाल्या. उलटलेल्या तिथी शून्य. चक्रांचा सहावा हिस्सा, ४५ भागिले ६, निरग्र ७. बेरीज ३४२७.

पाचवी पायरी. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, म्हणून ३४२७ ला ६४ ने भागले, ५३ आले. तेवढ्या क्षयतिथी वजा करून ३३७४ दिवस उरले.

एकूण दिवस म्हणजे ४५ गुणिले ४०१६ आणि वर ३३७४, मिळून १,८४,०९४. या संख्येला ७ ने भागले तर बाकी १ उरते. आरंभीचा दिवस सोमवार, त्यापुढे एक म्हणजे मंगळवार. दिवसही मोजून पाहावेत : १९ मार्च १५२० पासून ९ एप्रिल २०२४ पर्यंत बरोबर १,८४,०९४ दिवसच होतात. पाचशे वर्षांपूर्वीची रीत, पाच ठिकाणी खालचा पूर्णांक घेतलेला, आणि उत्तर दिवसाला दिवस जुळलेले.

एकतीस कुठे गेले?

इतक्या वेळा बाकी सोडूनही हिशोब का फसला नाही? याचे उत्तर तिसऱ्या पायरीत आहे. तेच गणित आदल्या वर्षासाठी, शके १९४५ साठी करू. वर्षे ८, महिने ९६. त्यांत ९० आणि १० मिळवून १९६. त्यांना ३३ ने भागले तर भागाकार ५, बाकी ३१. म्हणजे एक अधिक महिना भरायला ३३ पैकी फक्त २ कमी आहेत. जवळच्या पूर्णांकाचा नियम लावला असता तर तेव्हाच ६ धरावे लागले असते. पण जो महिना अजून आलेलाच नाही तो मोजायचा कसा?

पुढच्या वर्षी १२ महिने वाढले. ३१ आणि १२ मिळून ४३. त्यांतून ३३ गेले, १० उरले. शके १९४६ च्या गणितात दिसलेली १० ही बाकी अशी आली. आणि जे ३३ गेले तो महिना म्हणजे २०२३ सालचा अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. ज्या एकतीस तेहतिसांशांना आपण सोडून दिले असे वाटत होते, तेच दुसऱ्या वर्षी अख्खा महिना होऊन दारात उभे राहिले.

सूत्रातले ९० आणि १० यांचाही आता उलगडा होतो. १० ही आरंभाच्या क्षणी, शके १४४२ मध्ये, जमा असलेली बाकी आहे. दर चक्रामागे येणारे २ हे एका चक्रातून पुढच्या चक्रात जाणारी बाकी आहेत. चक्रांचा सहावा हिस्सा ही दिवसांची बाकी. सगळे सूत्र म्हणजे जपून ठेवलेल्या बाक्यांची जमावहीच आहे. शिवाय दर वेळी गणित आरंभापासून केले जाते, आदल्या वर्षाच्या उत्तरावरून नव्हे. त्यामुळे एका वर्षी सोडलेला तुकडा पुढच्या वर्षाचे नुकसान करीत नाही.

ही रीत सरासरी तिथींची आहे, हेही सांगायला हवे. प्रत्यक्ष तिथी कधी लवकर तर कधी उशिरा संपते. शके १९४७ साठी गणित केले तर शनिवार येतो. गुढीपाडवा प्रत्यक्षात रविवारी, ३० मार्च २०२५ रोजी होता. अधिक महिना तोंडावर आलेला असेल तर एखादा महिना आधीच मोजला जातो. असा एक दिवस किंवा एक महिना गणिती ताडून, कमीजास्त करून घेत. पण फरक एकाचाच राहतो. पाच शतकांत तो साचून शंभर दिवसांचा झाला नाही, ही गोष्ट महत्त्वाची.

चिन्ह आणि नाव

युरोपात या क्रियेला गणिती रूप आले ते अंकशास्त्रातून. १७९८ साली फ्रेंच गणिती लजांद्र यांनी 'पूर्णांक भाग' या कल्पनेचा उपयोग एका सुंदर प्रश्नासाठी केला. १ पासून १०० पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार केला तर त्यात ५ हा अवयव किती वेळा येईल? १०० भागिले ५ म्हणजे २०. पण २५, ५०, ७५ आणि १०० यांत ५ दोनदा येतो, म्हणून १०० भागिले २५ म्हणजे आणखी ४. एकूण २४. दोनचे अवयव त्याहून पुष्कळ जास्त असतात, म्हणून त्या अवाढव्य गुणाकाराच्या शेवटी बरोबर २४ शून्ये असतात. १०० च्या जागी १०३ घेतले तरी उत्तर बदलत नाही. १०३ भागिले ५ मधला अपूर्णांक येथे निरर्थक आहे, कारण ५ चा पाऊण पट असा अवयव नसतो. इथे बाकी टाकणे हेच बरोबर उत्तर आहे.

१८०८ साली गाउस यांनी या क्रियेसाठी चौकटी कंस वापरला. तो दीड शतक चालला, पण चौकटी कंसाला गणितात दुसरीही पुष्कळ कामे असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होई. संगणकाच्या भाषा तयार होऊ लागल्यावर त्यांना चिन्हापेक्षा शब्द सोयीचा होता. १९६० च्या अल्गॉल भाषेत 'आंतिए' हा फ्रेंच शब्दच घेतला गेला. दिलेल्या संख्येपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक, अशी त्याची व्याख्या होती. १९६२ साली केनेथ आयव्हर्सन यांनी आपल्या 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या पुस्तकात आज रूढ असलेली नावे दिली : 'फ्लोअर' म्हणजे तळ, जमीन आणि 'सीलिंग' म्हणजे छत. चिन्हेही त्यांचीच. चौकटी कंसाच्या वरच्या आडव्या रेघा काढून टाकल्या की जमीन उरते, खालच्या काढल्या की छत उरते. मुलांना एकदा दाखवले की विसरत नाहीत.

शून्याच्या खाली

आतापर्यंतच्या सर्व संख्या धन होत्या. ऋण संख्या आल्या की एक जुनी अडचण डोके वर काढते. उणे २.५ चा खालचा पूर्णांक कोणता? 'दशांश चिन्हापुढचे खोडून टाका' असे म्हटले तर उणे २ येतो. पण उणे २ ही उणे २.५ पेक्षा मोठी संख्या आहे. संख्यारेषेवर आपण वर चढलो. खरोखर खाली उतरायचे असेल तर उत्तर उणे ३ आहे. खोडणे म्हणजे शून्याकडे जाणे, आणि खाली उतरणे म्हणजे रेषेवर डावीकडे जाणे. धन संख्यांसाठी दोन्ही वाटा एकच असतात, म्हणून हा फरक शाळेत लपून राहतो. अल्गॉलच्या त्याच अहवालात 'आंतिए' खाली नेणारा होता, तर पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे नेणारा.

फरक किरकोळ वाटेल. तो पंचांगाच्या उदाहरणावर तपासू. आरंभ सोमवारी आहे. त्याच्या तीन दिवस आधी कोणता वार होता? उणे ३ ला ७ ने भागायचे. खाली उतरलो तर भागाकार उणे १, आणि बाकी ४, कारण उणे ७ मध्ये ४ मिळवले की उणे ३ होतात. सोमवारपुढे चार म्हणजे शुक्रवार. उत्तर बरोबर आहे. शून्याकडे गेलो तर भागाकार ०, बाकी उणे ३. 'उणे तिसरा' असा वार कोणत्याच आठवड्यात नाही. भागाकार कोणत्या दिशेला नेला त्यावर बाकी ठरते. म्हणून दोघांची जोडी फोडता येत नाही.

व्हँकुव्हर आणि धाहरान

बाकी सांभाळली नाही तर काय होते याची दोन उदाहरणे विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाली.

कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू केला. आरंभीची किंमत १००० ठरवली. दिवसाला सुमारे तीन हजार वेळा नवी किंमत काढली जाई आणि दर वेळी दशांश चिन्हापुढची तीन स्थळे ठेवून उरलेली खोडली जात. एका खेपेला जाणारा तुकडा सरासरी ०.०००५ एवढाच. पण नवी किंमत आधीच्या खोडलेल्या किमतीवरून काढली जाई, म्हणून गेलेला तुकडा परत येण्याचा मार्गच नव्हता. दिवसाला तीन हजार वेळा असे झाले की एक-दीड अंक नाहीसा होतो. बाजार चांगला चाललेला असतानाही निर्देशांक घसरत राहिला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला. चूक उमगल्यावर फेरगणित केले तेव्हा खरी किंमत १०९८.८९२ निघाली. बावीस महिन्यांत निम्म्याहून अधिक निर्देशांक तीन दशांश स्थळांच्या फटीतून गळून गेला होता.

दुसरे उदाहरण माणसांच्या जिवाशी निगडित आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासस्थानावर पडले आणि २८ सैनिक ठार झाले. तेथील पॅट्रिअट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने ते अडवलेच नाही. यंत्रणेचे घड्याळ एक दशांश सेकंदाचे ठोके पूर्णांकात मोजत असे. सेकंद काढण्यासाठी ठोक्यांना ०.१ ने गुणायचे. पण द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या संपतच नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा लांबतच जातो, तशी. २४ द्विमान स्थानांत न मावणारा तिचा भाग खोडलेला होता. चूक ०.१ मागे सुमारे ०.०००००००९५. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांत छत्तीस लाख ठोके होतात. गुणाकार करून पाहा, चूक ०.३४ सेकंद येते. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाते. यंत्रणा ते आकाशातल्या चुकीच्या जागी शोधत राहिली. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

गणेश दैवज्ञांनी एका चक्रातला षष्ठांश दिवस लिहून ठेवला होता. इथे कोट्यंशाहून थोडा लहान तुकडा कोणी लिहून ठेवला नव्हता. दोन्ही ठिकाणी खाली उतरणे होतेच. पहिल्या ठिकाणी बाकीला जागा होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

एक्सएसएलटीमधील फ्लोअर

आता आपल्या निवडलेल्या भाषेकडे येऊ. माहितीवर खुणांची लेबले लावून ती साध्या मजकुराच्या रूपात साठवायची एक्सएमएल ही पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी १९९८ मध्ये मान्य केली. समजा, शाळेच्या निकालाची अशी नोंद आहे : विद्यार्थी, विषय, गुण. या एकाच नोंदीतून पालकांसाठी गुणपत्रिका, कार्यालयासाठी तक्ता आणि फलकासाठी यादी छापायची आहे. छपाईची ही रीत ज्या कागदात लिहितात त्याला स्टाइलशीट म्हणतात आणि ती लिहिण्याची भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. संपादक होते जेम्स क्लार्क. त्याच दिवशी तिची जोडभाषा एक्सपाथ प्रसिद्ध झाली. आकडेमोडीच्या आज्ञा एक्सपाथमध्ये आहेत.

त्या आज्ञा थोड्याच आहेत. 'फ्लोअर' खालचा पूर्णांक देते, 'सीलिंग' वरचा आणि 'राउंड' जवळचा. भागाकारासाठी 'डिव्ह' हा शब्द आहे, कारण तिरकी रेघ या भाषेत नोंदीमधली वाट दाखवण्याच्या कामी लागली होती. पूर्णांकांचा वेगळा भागाकार पहिल्या आवृत्तीत नाहीच. ७ डिव्ह २ म्हणजे ३.५. पूर्ण भागाकार हवा असेल तर त्यावर फ्लोअर लावावी लागते. यामुळे ही आज्ञा तेथे सतत वापरात राहिली.

सहाशेपैकी ३५९ गुण मिळवणाऱ्या मुलाची टक्केवारी ५९.८३ होते. राउंड लावली तर गुणपत्रिकेवर ६० छापले जाईल, फ्लोअर लावली तर ५९. साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी असेल तर एका शब्दावर श्रेणी ठरते. तो शब्द कोणता, हे नियम करणाऱ्याने ठरवायचे असते. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सवयीने नव्हे.

या भाषेची घडण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी लक्षणीय आहे. स्टाइलशीट मूळ नोंद बदलत नाही. ती वाचते आणि नवे कागद तयार करते. गुणपत्रिकेवर ५९ छापले तरी नोंदीत ३५९ गुण शाबूत असतात. बाकी आपोआप जपली जाते. चलाला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही, त्यामुळे व्हँकुव्हरप्रमाणे खोडलेल्या किमतीवर पुढची किंमत रचण्याचा मोहही सहज होत नाही. बेरजेची 'सम' ही आज्ञा पहिल्या आवृत्तीत मूळ नोंदीतल्या किमतीच मिळवते. १०.७५, २०.७५ आणि ३०.७५ रुपये यांची बेरीज ६२.२५, तिचा खालचा पूर्णांक ६२. आधी प्रत्येक रक्कम खाली आणून मग बेरीज केली तर ६०. दोन रुपये गेले. आधी बेरीज, मग उतरणे, हा क्रम भाषेनेच सोपा करून ठेवला आहे.

तरीही दोन खड्डे उरतात. पहिला ऋण संख्यांचा. बाकीसाठी 'मॉड' ही आज्ञा आहे, पण ती शून्याकडे जाणाऱ्या भागाकाराची बाकी देते. फ्लोअर मात्र खाली नेते. म्हणजे दोन वेगळ्या घरांतली माणसे जोडी म्हणून उभी केलेली. उणे ३ डिव्ह ७ वर फ्लोअर लावली तर उणे १ मिळतो, आणि उणे ३ मॉड ७ म्हणजे उणे ३. उणे ७ आणि उणे ३ मिळून उणे १०. मूळची संख्या परत येत नाही. वार काढायचा असेल तर फ्लोअरच्या भागाकाराची सातपट वजा करून बाकी स्वतः काढावी. उणे ३ मधून उणे ७ वजा केले की ४, शुक्रवार.

दुसरा खड्डा धाहरानचाच, लहान रूपात. पहिल्या आवृत्तीत सर्व संख्या ६४ द्विमान स्थानांच्या आहेत. दोन दशांश स्थळांपर्यंत खाली आणायची नेहमीची रीत अशी : १०० ने गुणा, फ्लोअर लावा, १०० ने भागा. ०.२९ वर ती करून पाहावी. ०.२९ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. साठवलेली किंमत तिळभर कमी असते. १०० ने गुणल्यावर २९ ऐवजी २८.९९९९९९९९९९९९९९६ येते, आणि फ्लोअर निमूटपणे २८ देते. एकोणतीस पैशांचे अठ्ठावीस झाले. राउंडला हा तिळभर फरक जाणवला नसता. फ्लोअरचे काम कड्याच्या टोकावरचे आहे. तेथे केसाएवढी कमतरता पूर्ण एकाने खाली नेते.

जानेवारी २००७ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत दशमान संख्यांचा स्वतंत्र प्रकार आला. त्या प्रकारात ०.२९ ची शंभरपट नेमकी २९ होते. पूर्णांकांच्या भागाकारासाठी 'आयडिव्ह' ही आज्ञाही आली. ती शून्याकडे नेते, म्हणून मॉडशी तिची जोडी जुळते. पहिल्या आवृत्तीत विसंगत राहिलेल्या दोघांपैकी एकाला अखेर जोडीदार मिळाला.

वर्गात करण्याजोगे

आठवी ते दहावीच्या मुलांना यातून तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, शके १९४५ आणि १९४६ चे गणित फळ्यावर करून वार ताडून पाहणे. दुसरी, व्हँकुव्हरचा खेळ. १०० ही संख्या घ्यावी, दर खेपेला ३ ने भागून ३ ने गुणावे आणि भागाकाराची दोनच दशांश स्थळे ठेवावीत. पहिल्या खेपेला ३३.३३ ची तिप्पट ९९.९९ येईल. पुढे काय होते ते मुलांनी पाहावे, ९९.९९ ला ३ ने नि:शेष भाग जातो, म्हणून घसरण थांबेल. मग ७ ने भागून ७ ने गुणावे, मग ३ आणि ७ आलटूनपालटून घ्यावेत, आणि घसरण केव्हा थांबते आणि केव्हा चालू राहते याचा शोध घ्यावा. तिसरी, ऋण संख्यांचा भागाकार संख्यारेषेवर दाखवून बाकी नेहमी धन येईल अशी रीत ठरवणे.

या तिन्हींत एकच प्रश्न विचारत राहावा. भागाकार आला, पूर्णांक घेतला, आता बाकी कुठे आहे? मुलाला ती बोटाने दाखवता आली, म्हणजे पुढच्या वर्षात, मूळ नोंदीत किंवा वहीच्या समासात, तर गणित सुरक्षित आहे. दाखवता आली नाही तर ती मुद्दाम टाकली की नकळत गेली हे विचारावे. लजांद्र यांनी ती मुद्दाम टाकली होती. धाहरानमध्ये ती नकळत गेली.